दहा आकडे की नऊ? थीटा फंक्शन आणि रीमाननं मागे ठेवलेला प्रश्न

माझ्या लॅपटॉपवर आत्ता दोन मॅट्रिक्स उघडलेल्या आहेत. दोन्ही चार ओळींच्या, चार स्तंभांच्या. दोन्ही सिमेट्रिक, म्हणजे कर्णाच्या वरचा भाग खाली जसाच्या तसा उतरलेला. आतले आकडे कॉम्प्लेक्स. पहिली मॅट्रिक्स मी एका खऱ्याखुऱ्या पृष्ठभागावरून काढलीये. दुसरी मनाला येतील ते आकडे भरून बनवलीये, फक्त एक पथ्य पाळून (ते पुढे सांगते). दोन्हींपासून थीटा फंक्शन नावाची वस्तू तयार होते आणि दोन्ही वेळा अगदी सुरळीत तयार होते.

आता नुसतं बघून सांगा, यातली पृष्ठभागाची कुठली आणि बनावट कुठली? मला तरी सांगता येत नाही. पण मोजणी करून एवढं मात्र कळतं, की अशी मॅट्रिक्स ठरवायला १० आकडे लागतात आणि त्या जातीचा पृष्ठभाग ठरवायला ९ पुरतात. म्हणजे बहुतेक सगळ्या मॅट्रिक्स बनावटच. मग खऱ्या कशा ओळखायच्या? हे दोन्ही हिशोब रीमानच्या १८५७ सालच्या लेखातून हाती येतात. उत्तर मिळायला त्यानंतर सव्वाशे वर्षं गेली, आणि ते आलं कुठून, तर उथळ पाण्यातल्या लाटांकडून.

पण सुरुवात कॉलेजात सगळ्यांनी केलेल्या इंटिग्रल्सपासून करू. भागाकारात वर्गमूळ, वर्गमूळाखाली दोन घाताची पदावली. साइन इन्व्हर्स येतो, लॉग येतो, सूत्रं पाठ केली की झालं. तिथेच घात ३ किंवा ४ करा, सगळी सूत्रं संपतात. लंबवर्तुळाच्या कमानीची लांबी काढताना, किंवा लंबकाचा झोका मोठा असेल तर त्याला लागणारा वेळ काढताना नेमकी अशीच इंटिग्रल्स येतात. फ्रान्सच्या लजांद्रनं यांचं वर्गीकरण करण्यात आणि तक्ते बनवण्यात आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षं घातली. १८२० च्या दशकात नॉर्वेचा आबेल आणि जर्मनीचा याकोबी या दोन तरुणांनी प्रश्न उलटा करून पाहिला. साइन इन्व्हर्सपेक्षा साइन हे जास्त गुणी फंक्शन आहे ना? मग या इंटिग्रलचंही उलट फंक्शन बघू. ते निघालं द्विआवर्ती. साइन एका दिशेनं ठरावीक अंतर सरकल्यावर पुन्हा तेच होतं. हे फंक्शन कॉम्प्लेक्स प्रतलात दोन वेगवेगळ्या दिशांना पुन्हा तेच होतं.

दोनच दिशा का, हे रीमानच्या चित्रातून सगळ्यात चांगलं कळतं, म्हणून कालक्रम जरा मोडते. वर्गमूळाला दोन किमती असतात, अधिक आणि उणे. म्हणजे प्रतलातल्या प्रत्येक बिंदूवर दोन बिंदू बसलेत असं समजा. प्रतलाचे दोन थर झाले. वर्गमूळ जिथे शून्य होतं तिथे हे थर एकमेकांना चिकटतात. अनंताकडची टोकंही नीट मिटवून घेतली की घात ३ किंवा ४ साठी जी वस्तू तयार होते तिचा आकार मेदूवड्यासारखा असतो. (इंग्रजी पुस्तकांत इथे डोनट येतो. मला मेदूवडा जास्त पटतो.) अर्थात वड्याचं पीठ नाही, फक्त वरची कुरकुरीत कड घ्यायची. आता या कडेवरून एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत इंटिग्रल घेत चाला. उत्तर वाटेवर अवलंबून राहतं: वाटेत तुम्ही भोकाला वळसा घातलात का, भोकातून आरपार जाऊन आलात का. दोन प्रकारचे फेरे, म्हणून दोन पिरियड.

घात ५ किंवा ६ झाला की वड्याला दोन भोकं पडतात आणि फेऱ्यांचे चार स्वतंत्र प्रकार होतात. भोकांच्या या संख्येला आज जीनस म्हणतात. नाव रीमाननंतर क्लेब्शनं दिलं. जीनस दोन, पिरियड चार. आणि इथे याकोबीला अडचण दिसली. एकाच चलाच्या फंक्शनला चार स्वतंत्र पिरियड असूच शकत नाहीत. त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करून हवा तितका छोटा पिरियड बनवता येतो, आणि मग ते बिचारं फंक्शन कुठे बदलणारच नाही. याकोबीनं वाट काढली ती अशी: एक इंटिग्रल उलटायचा हट्ट सोडा. जीनस दोन असेल तर त्या पृष्ठभागावर दोन स्वतंत्र इंटिग्रल्स असतात. दोन बिंदू घ्या, दोन्ही इंटिग्रल्सच्या बेरजा घ्या आणि ही दोन समीकरणं एकत्र उलटा. फंक्शन दोन चलांचं होईल आणि चार पिरियड त्यात आरामात मावतील. हे झालं १८३०च्या दशकाच्या पूर्वार्धात. याला याकोबीचा व्युत्क्रमाचा प्रश्न म्हणतात.

बेरजा घ्यायची कल्पना मुळात आबेलची. १८२६ च्या ऑक्टोबरात त्यानं पॅरिसच्या अकादमीला एक मोठा निबंध दिला. सार असं: अशी इंटिग्रल्स कितीही घ्या, शंभर घ्या, त्यांची बेरीज नेहमी एका ठरावीक संख्येइतक्याच इंटिग्रल्सच्या बेरजेत बसवता येते, आणि ती संख्या फक्त मूळ समीकरणावर अवलंबून असते. म्हणजे पृष्ठभाग अजून जन्मलाच नव्हता, तेव्हा आबेलनं त्याची भोकं मोजली होती! निबंध तपासायला कोशी आणि लजांद्र यांच्याकडे गेला. कोशीकडे तो पडून राहिला. १८२९ मध्ये याकोबीनं लजांद्रला पत्र लिहून विचारलं, की इतक्या मोठ्या शोधाकडे तुमच्या अकादमीचं लक्ष गेलं नाही हे कसं? त्याच वर्षी ६ एप्रिलला आबेल क्षयानं गेला. वय २६. बर्लिनमध्ये नोकरीची सोय झाल्याचं क्रेलेचं पत्र त्यानंतर दोन दिवसांनी लिहिलेलं आहे. निबंध छापून आला १८४१ साली.

एका संशोधकाचा पेपर दोन-तीन वर्षं पडून राहणं म्हणजे काय, हे मला थोडंफार कळतं. पण या गोष्टीत जे हरवलं त्याच्यापुढे आमच्या तक्रारी अगदीच किरकोळ.

आता थीटा. याकोबीनं १८२९ च्या पुस्तकात द्विआवर्ती फंक्शन्सना हात घालण्यासाठी ज्या मालिका वापरल्या त्यांचं सगळ्यात साधं रूप असं: एक छोटी संख्या घ्या, समजा ०.१. तिचे वर्गसंख्यांइतके घात घ्या, म्हणजे घात १, घात ४, घात ९, घात १६. प्रत्येकाची दुप्पट करा, बेरीज करा, त्यात १ मिळवा. उत्तर येतं १.२००२००००२ आणि पुढे. चारच पदांत नऊ दशांश स्थळं बरोबर, कारण पुढचं पद थेट सोळाव्या स्थळावर जाऊन पडतं. घातांकात वर्ग असल्यामुळे पदं इतक्या झपाट्यानं विरतात, की हातानं हिशोब करणाऱ्या माणसाला ही मालिका म्हणजे वरदानच. यात एक चल घातला की झालं थीटा फंक्शन. चल एका दिशेनं १ नं सरकवला तर थीटा तसंच राहतं. दुसऱ्या दिशेनं ठरावीक अंतर सरकवला तर त्याला एक साधा गुणक चिकटतो. दोन थीटांचा भागाकार असा करता येतो की गुणक एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरतं ते द्विआवर्ती फंक्शन.

(जाता जाता: या मालिकेचा चौथा घात केला की एखादी संख्या चार वर्गांच्या बेरजेत किती तऱ्हांनी लिहिता येते ते कळतं. ७ साठी याकोबीचं सूत्र सांगतं, ८ गुणिले १ आणि ७ यांची बेरीज, म्हणजे ६४. पडताळून बघा: ४+१+१+१, चार जागा, प्रत्येक ठिकाणी अधिक-उणे. ६४ च येतात. संख्याशास्त्रातला थीटा हे वेगळंच माजघर आहे, रामानुजनांचाही वावर तिथलाच. आज तिकडे जात नाही.)

दोन भोकांचा प्रश्न ग्योपेल आणि रोझेनहाइन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सोडवला, दोन चलांच्या सोळा थीटा फंक्शन्सच्या मदतीनं. ग्योपेलचा लेख १८४७ साली आला, आणि त्याच वर्षी ३४ व्या वर्षी तो गेला. पण त्यांची पद्धत तीन भोकांना पुरत नव्हती. त्यानंतर १८५४ मध्ये क्रेलेच्या जर्नलमध्ये एक लेख आला, वर्गमूळाखाली हवा तेवढा मोठा घात घेणाऱ्या इंटिग्रल्सवर. लेखक कोण, तर ब्राउन्सबर्ग नावाच्या गावातला एक शाळामास्तर. कार्ल वायरश्ट्रास. वय ३८. शाळेत तो गणिताबरोबर व्यायाम आणि अक्षरलेखनसुद्धा शिकवत असे. लेख आला, क्योनिग्सबर्ग विद्यापीठानं त्याला मानद डॉक्टरेट दिली आणि शाळा सुटली.

१८५७ साली वायरश्ट्रासनं पुढचा टप्पा, म्हणजे वर्गमूळच काय, कुठल्याही बैजिक समीकरणातून येणाऱ्या इंटिग्रल्सचा प्रश्न सोडवून लेख बर्लिनच्या अकादमीकडे दिला. आणि थोड्याच दिवसांत परत मागून घेतला. कारण क्रेलेच्या जर्नलचा ५४ वा खंड आला होता आणि त्यात रीमानचा ‘आबेलीय फंक्शन्सचा सिद्धांत’ होता. त्यात इतक्या नव्या आणि अनपेक्षित कल्पना होत्या, की स्वतःचं काम त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय छापू नये असं वायरश्ट्रासला वाटलं. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो.

रीमान तेव्हा तिशीचा, गटिंगेनमध्ये. आदल्या दोन वर्षांत त्यानं याच विषयावर व्याख्यानं दिली होती. ऐकायला तीन जण होते, त्यातला एक डेडेकिंड. रीमाननं इंटिग्रल बाजूला ठेवून आधी पृष्ठभाग हातात घेतला. भोकं मोजली. ग भोकं असतील तर ग स्वतंत्र इंटिग्रल्स आणि २ग फेरे. निम्म्या फेऱ्यांवर इंटिग्रल्सच्या किमती १ आणि ० अशा नीटनेटक्या करून घेतल्या, की उरलेल्या फेऱ्यांवरच्या किमतींचा ग × ग तक्ता तयार होतो. हीच पिरियड मॅट्रिक्स. रीमाननं दाखवलं की ती नेहमी सिमेट्रिक असते आणि तिचा काल्पनिक भाग धन असतो. हे दुसरं महत्त्वाचं, कारण त्याशिवाय थीटाची मालिका विरतच नाही, फुगत जाते. बनावट मॅट्रिक्समध्ये मी पाळलेलं पथ्य ते हेच. मग याकोबीच्या मालिकेत एका पूर्णांकाऐवजी ग पूर्णांकांचा गट, वर्गाऐवजी या मॅट्रिक्सनं दिलेलं वर्गरूप, एका चलाऐवजी ग चल. ते रीमानचं थीटा फंक्शन.

आणि मग खरी करामत. हे थीटा पृष्ठभागावरच आणून बसवा. म्हणजे बिंदू घ्या, त्याची ग इंटिग्रल्स काढा आणि ती थीटामध्ये घाला, हवं तर एखादी ठरावीक संख्यामाला वजा करून. एरवी हे बरोबर ग ठिकाणी शून्य होतं. आणि ते ग बिंदू म्हणजेच याकोबीच्या प्रश्नाचं उत्तर! ज्या बेरजा तुम्ही दिल्या होत्या, त्या देणारे बिंदू थीटा स्वतःच दाखवून देतं. १८६५ मध्ये रीमाननं आणखी एक छोटा लेख लिहिला: थीटा एखाद्या ठिकाणी नुसतं शून्य होतं की दोनदा, तीनदा शून्य होतं, यावरून पृष्ठभागावर कुठल्या प्रकारची फंक्शन्स नांदतात ते मोजता येतं. थोडक्यात, थीटाच्या शून्यांच्या जागेला जिथे टोक किंवा घडी पडते, तिथे पृष्ठभागाची भूमिती दडलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तो दहा-नऊचा हिशोब. सिमेट्रिक मॅट्रिक्स ४ × ४ असेल तर कर्णावरचे ४ आणि वरच्या त्रिकोणातले ६, मिळून १०. पृष्ठभागांची मोजणी रीमाननं अशी केली. ४ भोकांचा पृष्ठभाग प्रतलावर न थरांचा करून पसरायचा. थर जिथे जोडलेले असतात अशा जागा २न + ६ भरतात. या जागा ठरल्या की पृष्ठभाग ठरला (मर्यादित पर्याय उरतात, ते सोडून द्या). पण एकच पृष्ठभाग अनेक तऱ्हांनी पसरता येतो; ते स्वातंत्र्य आहे २न − ३. वजा करा. न उडून जातो आणि उरतात ९. कितीही भोकांसाठी हाच हिशोब केला तर ३ग − ३. रीमाननं या आकड्यांना मोड्युली हे नाव दिलं, आणि आज त्या नावावर गणिताची एक अख्खी शाखा उभी आहे. दोन भोकांना ३ आणि ३, तीन भोकांना ६ आणि ६. तिथपर्यंत दोन्ही आकडे जुळतात. चारला पहिल्यांदा फाटतं.

हा प्रश्न हाती घ्यायला रीमानकडे वेळ उरला नाही. १८६२ च्या जूनमध्ये लग्न झालं, शरद ऋतूत सर्दी धरली, ती क्षयावर गेली. पुढची वर्षं इटलीच्या हवेत येण्याजाण्यात गेली. मुलगी पीसामध्ये जन्मली. १८६६ मध्ये प्रशियाचं युद्ध गटिंगेनच्या दारात आलं तेव्हा तो पुन्हा इटलीकडे निघाला आणि २० जुलैला माज्जोरे सरोवराकाठी सेलास्का इथे वारला. वय ३९. ज्याचं नाव रीमान-रॉख प्रमेयात कायमचं जोडलं गेलंय तो त्याचा विद्यार्थी गुस्टाव्ह रॉख त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हेनिसमध्ये गेला. तोही क्षयानंच, तोही २६ व्या वर्षी, आबेलसारखा.

त्यात आणखी एक संकट. रीमानच्या सगळ्या इमारतीच्या पायात डिरिश्ले तत्त्व होतं: ऊर्जेसारखी एक राशी शून्याखाली जात नाही, म्हणून तिची किमान किंमत देणारं फंक्शन असतंच. १८७० मध्ये वायरश्ट्रासनं बर्लिनमध्ये उदाहरण देऊन दाखवलं, की असा युक्तिवाद चालत नाही. किमान किमतीच्या हवं तितकं जवळ जाता येतं, पण गाठता येतेच असं नाही. रीमानचे निष्कर्ष बरोबर आहेत यावर स्वतः वायरश्ट्रासचाही विश्वास होता, सिद्धता मात्र हातातून निसटली. पुढची तीसेक वर्षं लोक आडवाटांनी तिथे पोचत राहिले. १९०० च्या आसपास हिल्बर्टनं ते तत्त्व नीट अटी घालून पुन्हा उभं केलं.

मधल्या काळात वायरश्ट्रासच्या शिष्यांनी थीटाची बाजू सोडली नव्हती. १८८८ साल या गोष्टीत दोनदा येतं. त्या वर्षी सोफिया कोव्हालेव्हस्कायाला पॅरिस अकादमीचं बोर्दां पारितोषिक मिळालं, तेही रक्कम तीन हजार फ्रँकवरून पाच हजार करून. एका खास प्रकारच्या भोवऱ्याची गती तिनं दोन भोकांच्या थीटा फंक्शन्सनी पूर्ण सोडवली होती. कागदावरच्या या मालिका एका फिरणाऱ्या वस्तूची गती सांगतात, हे तोवर एका भोकापुरतंच ठाऊक असलेल्यांना तो धक्काच होता. बाई म्हणून बर्लिन विद्यापीठाच्या वर्गात बसायची तिला परवानगी नव्हती. वायरश्ट्रासनं तिला चार वर्षं घरी शिकवलं होतं.

त्याच वर्षी वायरश्ट्रासचा दुसरा शिष्य फ्रीडरिख शॉट्की यानं चार भोकांसाठी ते हरवलेलं समीकरण लिहिलं. दहा आकड्यांवर एक अट घातली की नऊ उरतात. ती अट ही. आजच्या रूपात ती सांगणं सोपं आहे. चार चलांची २५६ थीटा फंक्शन्स असतात, त्यातली १३६ सम. प्रत्येक सम थीटाची शून्यावरची किंमत काढा. त्या १३६ किमतींचे सोळावे घात घ्या, बेरीज करा, १६ नं गुणा. आता आठव्या घातांची बेरीज करा, तिचा वर्ग करा. पहिल्यातून दुसरं वजा करा. मॅट्रिक्स पृष्ठभागावरून आली असेल तर उत्तर शून्य.

उलट दिशा, म्हणजे उत्तर शून्य आलं तर मॅट्रिक्स खरंच पृष्ठभागाची (किंवा अशा मॅट्रिक्सच्या अगदी काठावरची) असते, याची पक्की सिद्धता १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन-इची इगुसा यांनी दिली. त्यांनीच दाखवलं की शॉट्कीची ही राशी एका वेगळ्याच प्रश्नातून आपोआप बाहेर पडते. सोळा मितींमध्ये दोन अगदी खास जाळ्या आहेत. एकसारख्या नाहीत, पण त्यांच्या थीटा मालिका तंतोतंत सारख्या. १९६४ मध्ये मिल्नरनं यावरूनच वेगळे असूनही एकाच सुरात वाजणारे दोन आकार दाखवले होते. या जाळ्यांच्या मालिका दोन चलांत, तीन चलांत लिहिल्या तरी फरक पडत नाही. चार चलांत पहिल्यांदा पडतो. तो फरक म्हणजे बरोबर शॉट्कीची राशी, एका स्थिरांकाचा काय तो हेरफेर. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही.

१९१३ मध्ये इटलीच्या रुज्जेरो तोरेल्लीनं सिद्ध केलं की पिरियड मॅट्रिक्सवरून मूळ पृष्ठभाग पुन्हा ओळखता येतो, दोन वेगळे पृष्ठभाग एकच मॅट्रिक्स देत नाहीत. दोनच वर्षांनी पहिल्या महायुद्धात तो गेला. १९६७ मध्ये आंद्रेओत्ती आणि मायर यांनी रीमानच्या १८६५ च्या लेखाचा धागा उचलला: पृष्ठभागातून आलेल्या थीटाच्या शून्यांच्या जागेला टोकं-घड्या नेहमीपेक्षा जास्त असतात, त्यावरून तो ओळखा. बहुतांशी चालतं. पण या चाळणीतून काही बनावट मॅट्रिक्सही सुटतात.

आता लाटा. १८३४ च्या ऑगस्टमध्ये एडिंबराजवळच्या कालव्यात घोड्यांनी ओढली जाणारी एक नाव अचानक थांबली आणि तिच्यापुढचा पाण्याचा उंचवटा एकटाच पुढे निघाला. जॉन स्कॉट रसेल घोड्यावरून मैल-दोन मैल त्याच्या मागे गेला. लाट आकार न मोडता ताशी आठ-नऊ मैलांनी चालली होती. १८९५ मध्ये कोर्टेवेख आणि द व्ह्रीस यांनी तिचं समीकरण मांडलं, आणि त्या समीकरणाच्या ओळीनं येणाऱ्या लाटा लिहिल्या त्या याकोबीच्या फंक्शन्समध्ये. म्हणजे उथळ पाण्यात एका भोकाचा थीटा तेव्हापासून होताच, फक्त कुणी त्याला पृष्ठभागाच्या नावानं हाक मारली नव्हती. १९७० मध्ये कादोमत्सेव्ह आणि पेत्व्हिआश्व्हिली या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी हे समीकरण दोन दिशांत नेलं. त्याला के-पी समीकरण म्हणतात. १९७६-७७ च्या सुमारास इगोर क्रिचेव्हरनं दाखवलं, की कुठलाही रीमान पृष्ठभाग घ्या, कितीही भोकांचा, त्याच्या थीटाचा लॉग घेऊन दोनदा विकलन केलं की के-पी समीकरणाचं उत्तर मिळतं. ग भोकं म्हणजे ग लाटांचा एकमेकींत गुंतलेला नक्षीदार पट.

नोव्हिकोव्हनं मग उलट अंदाज बांधला: बनावट मॅट्रिक्सच्या थीटातून असं उत्तर कधीच मिळणार नाही. पाणी फक्त खऱ्या पृष्ठभागांना ओळखतं, असंच म्हणा ना.

त्याच काळात ही चर्चा मुंबईतही चालू होती. ऑक्टोबर १९७८ ते मार्च १९७९ डेव्हिड मम्फर्ड कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत थीटा फंक्शन्सवर व्याख्यानं देत होते, आणि सी. मुसिली व माधव नोरी टिपणं काढत होते. त्यातून ‘टाटा लेक्चर्स ऑन थीटा’ हे पुस्तक झालं, तीन खंडांचं. पहिला खंड १९८३ चा. १९८४ च्या दुसऱ्या खंडाचा विषयच पृष्ठभागांतून येणारे थीटा आणि असली समीकरणं हा. आज जगात कुठेही थीटा शिकायला बसलेला विद्यार्थी आधी हे पुस्तक उघडतो, आणि ‘टाटा’ हा शब्द तिथे गाडी किंवा चहापत्तीसाठी नसतो याची मला दर वेळी गंमत वाटते. मम्फर्ड इथे आले ते काही ओसाड रानात नाही: नरसिंहन आणि शेषाद्री यांचं रीमान पृष्ठभागांवरचं १९६५ चं प्रमेय याच संस्थेतलं. त्यातून पुढे ‘सामान्यीकृत थीटा फंक्शन्स’ निघाली. तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१९८६ मध्ये ताकाहिरो शियोटा यांनी नोव्हिकोव्हचा अंदाज सिद्ध केला. मॅट्रिक्स लहान तुकड्यांत फुटणारी नसेल आणि तिचा थीटा के-पी समीकरणात बसत असेल, तर ती रीमान पृष्ठभागाचीच. जीनस कितीही असो.

म्हणजे प्रश्न सुटला? तुम्ही काय विचारता त्यावर आहे. शियोटांची कसोटी म्हणते, अशा दिशा असतील की ज्यांनी समीकरण सुटतं, तर मॅट्रिक्स खरी. त्या दिशा शोधायच्या तुम्हीच. शॉट्कीसारखं, आकडे घाला आणि शून्य येतंय का बघा असं थेट समीकरण हवं असेल, तर चार भोकांच्या पुढे गोष्ट बिकट आहे. २०२१ मध्ये फार्काश, ग्रुशेव्हस्की आणि साल्व्हाती मान्नी यांनी सगळ्या जीनससाठी थेट समीकरणं दिली, पण ती खऱ्यांच्या बरोबर काही अनाहूत पाहुण्यांनाही आत येऊ देतात.

माझ्या दोन मॅट्रिक्सचं मात्र काम होऊन जातं, कारण त्या चारच्याच आहेत. खरी आहे ब्रिंगच्या पृष्ठभागाची: पाच संख्या, त्यांची बेरीज शून्य, वर्गांची बेरीज शून्य, घनांची बेरीजही शून्य. पाच संख्यांची जागा हवी तशी अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही, म्हणून त्याला १२० सममिती आहेत. शॉट्कीची राशी दोन्हींसाठी काढायला लावली आणि चहा करून आले. एकीत दशांशचिन्हानंतर शून्यांची लांबलचक रांग होती, लॅपटॉपच्या अचूकतेच्या टोकापर्यंत. दुसरीत तिसऱ्याच स्थळावर आकडा उगवला होता. पुढच्या आठवड्यात पाच भोकांची घेणार आहे. तिथे मॅट्रिक्सला १५ लागतात, पृष्ठभागाला १२.